नववी ‘ब’मधली एकटी मुलगी : किशोर कादंबरी लिहायला बसण्याआधी

शाळकरी मुलांचा एकटेपणा आणि मनाचे आजार यांवर मराठीत कादंबरी लिहावी असं वाटणारे बरेच जण भेटतात. कुणी शिक्षक असतं, कुणी आई असते, कुणाला स्वतःची नववी-दहावी अजून पचलेली नसते. त्यांची हस्तलिखितं वाचायला येतात तेव्हा बहुतेकांचा सांगाडा एकच निघतो. पहिल्या प्रकरणात मूल गप्प होतं, मधे काहीतरी भयंकर घडतं, शेवटी एक प्रेमळ बाई किंवा नवा मित्र येतो आणि मूल हसायला लागतं. मुलं हे वाचत नाहीत. वाचलंच तर मोठ्या माणसाने आपल्या समाधानासाठी लिहिलंय हे त्यांना चौथ्या पानावर कळतं.

असा विषय पहिल्यांदाच हाताळणाऱ्यांसाठी काय आधी करावं, काय नंतर, ते खाली क्रमाने लिहिते आहे. काही ठिकाणी जास्त रेंगाळले आहे, कारण गाडी तिथेच अडते.

१. आधी ठरवा : एकटेपणा की आजार

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मैत्रिणींनी तोडलं म्हणून एकटी पडलेली मुलगी आजारी असेलच असं नाही, आणि चार जणींच्या घोळक्यात खिदळणारी मुलगी रात्री तीनपर्यंत छताकडे बघत पडलेली असू शकते. कादंबरीत दोन्ही असायला हरकत नाही, पण कुठलं कुठे सुरू होतं हे तुम्हाला माहीत हवं. वाचकाला ते उशिरा कळलं तरी चालेल.

आजार एकच निवडा. एकाच मुलीला नैराश्य, मंत्रचळ (ओसीडी) आणि पॅनिक अटॅक असं सगळं देऊन टाकलं की ती मुलगी राहत नाही, पुस्तकातली यादी होते. मंत्रचळ घेतलात तर फक्त हात धुणं दाखवू नका. नको असलेला विचार पुन्हा पुन्हा डोक्यात येणं आणि तो शांत करायला काहीतरी करत राहणं हा त्याचा गाभा, स्वच्छतेची आवड नव्हे.

या लेखापुरतं आपण नैराश्य धरू. डॉक्टर नैराश्य म्हणतात तेव्हा किमान दोन आठवडे, दिवसाचा बराचसा वेळ, जवळजवळ रोज टिकलेली अवस्था त्यांना अपेक्षित असते. ‘डिप्रेशनमध्ये गेलोय यार’ असं पेपर अवघड गेल्यावर मुलं म्हणतात, ते वेगळं. किशोरवयात उदासीपेक्षा चिडचिड जास्त दिसते. पोट दुखतं, डोकं दुखतं, झोप उलटीपालटी होते, वाचलेलं ओळीच्या शेवटापर्यंत टिकत नाही. आणि आवडीच्या गोष्टी एकेक सुटतात. हे शेवटचं लक्षण कादंबरीकाराच्या सगळ्यात कामाचं, कारण ते दाखवता येतं. कबड्डीच्या टीममधली मुलगी सरावाला जात नाही, आणि ‘गुडघा दुखतो’ म्हणून सांगते.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला. पन्नासच्या वर्गाला हे प्रमाण लावलं तर तीन-चार मुलं. म्हणजे तुमच्या नायिकेखेरीज आणखी दोघं-तिघं त्याच खोलीत बसलेली असू शकतात. त्यातल्या एकाला पात्र करा. त्याला नाव द्या, आजाराचं नाव देऊ नका.

२. वर्ग उभा करा

‘तिच्या मनात एकटेपणाचा काळोख दाटून आला’ हे वाक्य खोडा. शाळेतला एकटेपणा वेळापत्रकाप्रमाणे येतो. गणिताच्या तासाला तो नसतोच म्हटलं तरी चालेल, कारण तिथे सगळेच फळ्याकडे बघत असतात. तो येतो मधल्या सुट्टीत, ऑफ तासाला, पीटीला, सहलीच्या बसमध्ये चढताना आणि प्रयोगशाळेत सर ‘दोघादोघांच्या जोड्या करा’ म्हणतात तेव्हा.

म्हणून लिहायला घेण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि वर्गाचं वेळापत्रक आखा. कोण कुठल्या बाकावर, खिडकी कुठल्या बाजूला, पाण्याची टाकी किती लांब, मुलींचं स्वच्छतागृह वापरण्यासारखं आहे की नाही, वाचनालय म्हणजे खोली आहे की मुख्याध्यापकांच्या ऑफिसातलं कुलूपबंद कपाट. मग प्रत्येक तासापुढे लिहा : इथे ती काय करते?

वर्गाचा पट विषम ठेवा. समजा ५१. जोड्या केल्या की एक उरणार, आणि कोण उरणार हे सगळ्यांना माहीत आहे. आता सकाळच्या हजेरीकडे बघा. बाई नंबर पुकारतात आणि आपली मुलगी ‘हजर’ म्हणणारे आवाज न ऐकता गप्प राहिलेले नंबर मोजते. एक गैरहजर असेल तर पट सम होतो, तिला जोडीदार मिळतो. दोन गैरहजर असतील तर पुन्हा तीच गत. अकरा नंबरचा मुलगा तापाने आजारी पडला याचा तिला आनंद होतो आणि त्या आनंदाची तिला लाज वाटते. यात ‘एकटी’ हा शब्द एकदाही आलेला नाही.

किंवा पाण्याची बाटली घ्या. डबा पाच मिनिटांत संपतो, सुट्टी वीस मिनिटांची. उरलेल्या वेळात हात मोकळे दिसता कामा नयेत. बाटली भरलेली असते. ती नळाखाली ओतून देते आणि पुन्हा भरते. नळाजवळ उभं राहायला काहीतरी निमित्त लागतं. शिपाईमामा एकदा म्हणतात, ‘पोरी, पाणी वाया घालवू नको गं.’ त्या दिवशी तिच्याशी बोललेलं ते एकमेव वाक्य असू शकतं.

असे तीन-चार तपशील तुमच्याच शाळेतून आठवा. दुसऱ्या कुणाच्या पुस्तकातून उचललेले तपशील लगेच ओळखू येतात, विशेषतः परदेशी मालिकांमधून आलेले लॉकर आणि कॅफेटेरिया. आपल्याकडे लॉकर नसतात, आपल्याकडे दप्तर असतं, आणि ते दुसऱ्याने उघडलं तर काय काय घडू शकतं हा वेगळ्या प्रकरणाचा ऐवज आहे.

बोलीचंही आत्ताच ठरवा. बार्शीहून वडिलांच्या बदलीमुळे पुण्यात आलेली मुलगी पहिल्या दिवशी तोंड उघडते आणि मागच्या बाकावर कुणीतरी हसतं. तिचं गप्प होणं तिथून सुरू झालं तर त्याला वेगळं कारण शोधावं लागत नाही.

३. शाळेचं वर्ष आणि आजाराचं वर्ष शेजारी ठेवा

नवख्या लेखकांची सगळ्यात मोठी चूक काळाची असते. आजार एका प्रकरणात येतो, दोन प्रकरणांत बरा होतो. शाळेचं कॅलेंडर समोर ठेवलंत तर हे आपोआप सुधारतं.

जूनमध्ये शाळा सुरू (विदर्भात असाल तर उन्हामुळे जूनच्या अखेरीला). जुलै-ऑगस्टमध्ये झोप बिघडते, पावसामुळे कुणाच्या लक्षात येत नाही, सगळेच पेंगत असतात. पहिल्या घटक चाचणीत मार्क थोडे कमी. प्रथम सत्राच्या पेपरात अर्धं कोरं. दिवाळीच्या सुट्टीत ती मामाकडे जायला नाही म्हणते, तेव्हा आईला पहिल्यांदा खटकतं. सुट्टीनंतर उत्तरपत्रिका मिळतात, पालकसभा होते, बाई म्हणतात ‘लक्ष नाही तिचं.’ डिसेंबरात, सगळी शाळा गॅदरिंगच्या तालमीत असताना, ती डॉक्टरांकडे.

आता पुढचं गणित करा. नैराश्यावरच्या औषधांचा परिणाम दिसू लागायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पुरता फरक पडायला त्याहून जास्त. बरं वाटू लागल्यावरही डॉक्टर गोळ्या लगेच थांबवत नाहीत, सहसा निदान सहा महिने तरी चालू ठेवतात. म्हणजे वार्षिक परीक्षा आली, निकाल लागला, तरी तिच्या गोळ्या चालूच आहेत. तुमची कादंबरी एका शालेय वर्षाची असेल तर ती पूर्ण बरी होण्याआधी संपणार. संपू दे. पीटीच्या तासाला ती मैदानाच्या कडेला उभी न राहता खो-खोच्या रांगेत बसली, एवढा फरक मार्चमध्ये पुष्कळ आहे.

४. गोष्ट कोण सांगतंय?

बहुतेक जण ‘मी’ निवडतात. ठीक आहे, किशोरवाचकाला ‘मी’ जवळचा वाटतो. पण आजारी मनाचा ‘मी’ सगळं खरं सांगत नाही. तो खोटं बोलत नसतो, त्याला दिसतंच तेवढं. नैराश्यात माणसाला नकाराचे पुरावे ठळक दिसतात आणि आपुलकीचे गळून जातात. हे तुम्ही निवेदिकेच्या तोंडून समजावून सांगितलंत तर कादंबरी संपली. तिच्या नकळत वाचकाला दिसलं पाहिजे.

असा उतारा बघा :

‘आजही कोणी माझ्याशी बोललं नाही. श्रावणीने तिच्या डब्याचं झाकण माझ्याकडे सरकवलं, त्यात लोणच्याची फोड होती. तिला नको असेल. मी पाण्याला गेले. परत आले तर झाकण तिथेच होतं, फोड पण.’

श्रावणी प्रयत्न करते आहे हे वाचकाला कळलं, निवेदिकेला नाही. वाचणारी चौदा वर्षांची मुलगी इथे पुस्तकावर ओरडते : अगं, ती तुला देत होती! हा क्षण मिळवण्यासाठी अख्खी कादंबरी लिहावी. कारण हीच वाचणारी मुलगी उद्या स्वतःच्या बाकावर सरकलेलं झाकण कदाचित बघेल. पण हे वाक्य तुम्ही पुस्तकात लिहायचं नाही.

पुढे, डिसेंबरनंतर, हाच प्रसंग निवेदिका पुन्हा आठवू शकते आणि तेव्हा तिला तो वेगळा दिसू शकतो. बरं होणं दाखवण्याची याहून प्रामाणिक रीत मला माहीत नाही. जग बदललेलं नसतं, श्रावणी तीच, लोणचं तेच.

व्हॉट्सअॅपच्या गप्पा पानंच्या पानं छापू नका. वर्गाचा एक ग्रुप, आणि बाईंना व तिला वगळून केलेला दुसरा ग्रुप, एवढं पुरतं. दुसरा ग्रुप आहे हे तिला कुणाच्या तरी मोबाइलच्या पडद्यावर अर्धा सेकंद दिसावं. आणि ‘मेंटल’, ‘सायको’ हे शब्द मुलं जशी सहज फेकतात तशीच फेकू द्या, लेखकाने मधे पडून कान धरायची गरज नाही. पण नायिकेला ते डॉक्टरांकडून आल्याच्या दुसऱ्या दिवशी ऐकू येऊ द्या.

५. घरचे

आईवडिलांना खलनायक करणं सोपं आहे आणि बहुतेक वेळा खोटं. ते घाबरलेले असतात. ‘वयच असं असतं’, ‘मोबाइल काढून घ्या, सगळं ठीक होईल’, ‘आमच्या वेळी नव्हतं हे असलं काही’, ‘कुणाची नजर लागली असेल’. ही वाक्यं रागाने नाही, भीतीने बोलली जातात. आजी दृष्ट काढते, मावशी उपवास सुचवते, वडील ओळखीच्या फॅमिली डॉक्टरकडे नेऊन टॉनिक लिहून घेतात. गावाकडे देवऋषीही होतो. हे सगळं डॉक्टरांकडे जाण्याआधी घडतं आणि ते वगळलंत तर वाचकाला घर ओळखीचं वाटणार नाही.

‘येरवड्याला पाठवतील’, ‘ठाण्याला नेऊन टाकतील’ अशा धमक्या विनोदाच्या सुरात घरोघरी दिल्या जातात. राज्यातली चार मोठी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूरला आहेत, म्हणून त्या त्या भागात त्या गावाचं नावच शिवी होऊन बसलं. तुमची मुलगी नागपूरकडची असेल तर तिच्या काकाने येरवड्याचं नाव घेऊ नये.

भावंडं विसरू नका. सहावीतला भाऊ ताईच्या गोळ्यांचं पाकीट बघून विचारतो, ‘हिला काय झालंय?’ आणि घरात कोणीच उत्तर देत नाही. तो स्वतःचं उत्तर बनवतो. ते काय, हे लिहा.

६. डॉक्टरांच्या खोलीत

इथे हस्तलिखितं हमखास घसरतात. काही गोष्टी नीट लक्षात ठेवा.

समुपदेशक गोळ्या देत नाहीत. मानसशास्त्रज्ञही देत नाहीत. औषध लिहून देतो तो मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे डॉक्टर. शाळेत समुपदेशक असेलच असं धरू नका. तालुक्याच्या ठिकाणच्या अनुदानित शाळेत ते काम बहुधा एखाद्या समंजस शिक्षिकेवर येऊन पडतं. खाजगी डॉक्टर परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. केसपेपरची रांग, बाकड्यावर शेजारी बसलेला अनोळखी माणूस, आईने ओढणीने अर्धा झाकलेला चेहरा, कुणी ओळखीचं भेटलं तर काय सांगायचं याची आधीच ठरलेली थाप. लिहायला इथे भरपूर आहे.

पहिल्या भेटीत डॉक्टर भाषण देत नाहीत, विचारतात. झोप कशी, भूक कशी, शाळेत काय, मैत्रिणी कोण. मुलीशी थोडा वेळ एकटीशी बोलतात, आईवडिलांशी वेगळं. आणि ‘जगू नये असं वाटतं का?’ हेही सरळ विचारतात. असं विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जातो ही समजूत चुकीची आहे. उलट बोलायला वाट मिळते. तुमच्या कादंबरीतली मैत्रीणही हा प्रश्न विचारू शकते, अडखळत का होईना. पण उत्तर ‘हो’ आलं तर ते गुपित तिने पोटात ठेवू नये. ती मोठ्या माणसाला सांगते, आपली मुलगी तिच्यावर भडकते, दोघी महिनाभर बोलत नाहीत. दोन्ही बाजू खऱ्या असलेला असा संघर्ष किशोर कादंबरीला क्वचित मिळतो.

गोळ्या म्हणजे जादू नाही आणि विषही नाही. सुरुवातीला मळमळ होऊ शकते, झोप बदलू शकते. किशोरवयीन रुग्णांना पहिल्या काही आठवड्यांत डॉक्टर लवकर लवकर बोलावतात, कारण त्या काळात जास्त लक्ष ठेवावं लागतं. कुणाचं तरी ऐकून गोळ्या मधेच बंद करणं हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. तो कथेत आणायचा असेल तर त्याचे परिणामही आणा. गोळीचं नाव आणि मात्रा मात्र लिहू नका, वाचणारी मुलं शोधतात.

नायिकेवर अत्याचार झाल्याचं कथानक असेल तर एक कायदा माहीत हवाच. २०१२च्या पॉक्सो कायद्याने अल्पवयीन मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या व्यक्तीवर ती पोलिसांना किंवा बाल पोलिस पथकाला कळवण्याचं बंधन घातलेलं आहे. ‘मी कुणालाच सांगणार नाही हं’ असं वचन देणाऱ्या प्रेमळ बाई तिथे चालत नाहीत.

७. आत्महत्येचा विषय आला तर

तो यायलाच हवा असं नाही. आला तर इथे लेखकाचं स्वातंत्र्य थोडं बाजूला ठेवायचं, असं माझं ठाम मत आहे.

१७७४ साली जर्मन लेखक गटेची एक कादंबरी आली. तिच्यातल्या जीव देणाऱ्या तरुण नायकाचं अनुकरण होतंय या भीतीने काही शहरांत तिच्यावर बंदी घातली गेली. पुढे १९७४ मध्ये डेव्हिड फिलिप्स या समाजशास्त्रज्ञाने अशा अनुकरणाला त्याच नायकाचं, वेर्थरचं, नाव दिलं. २०१० मध्ये व्हिएन्नाच्या संशोधकांनी उलट बाजू मांडली : संकटातून माणूस कसा सावरला हे सांगणाऱ्या बातम्यांचा परिणाम वाचवणारा असू शकतो. त्यांनी नाव घेतलं मोझार्टच्या ऑपेरातल्या पापागेनोचं. तो जीव द्यायला निघालेला असतो आणि तीन मुलं येऊन त्याला आठवण करून देतात की तुझ्याकडे घंटा आहेत, त्या वाजव. लेखकाने या प्रसंगाची रचना बघावी. मुलं त्याला उपदेश करत नाहीत, दुसरं काय करता येईल ते दाखवतात.

व्यवहारात याचा अर्थ असा. पद्धत लिहू नका, जागा लिहू नका, चिठ्ठी छापू नका. मेल्यावर सगळ्यांना पश्चात्ताप झाला, शाळेने माफी मागितली, असा सूड उगवणारा शेवट तर अजिबात नको. एकट्या पडलेल्या मुलाला नेमकं तेच स्वप्न पडत असतं. ‘नापास झाला म्हणून’ असं एकच कारणही देऊ नका. वर्तमानपत्रांसाठी प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये साधारण हीच तत्त्वं स्वीकारली. कादंबरीला ती बंधनकारक नाहीत, पण आपला वाचक बातम्यांच्या वाचकाहून लहान आहे.

आणि इन्स्पेक्टर आणून मुलीला ‘गुन्हा दाखल होईल’ म्हणून दरडावणारा प्रसंग लिहिला असेल तर काढा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, अशा प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ ठेवलेलंच नाही.

८. वाचून घेणं आणि पाठवणं

शिक्षक असाल तर आपल्याच वर्गातल्या मुलीची गोष्ट नाव बदलून लिहू नका. गाव लहान असतं, नाव बदलून काही लपत नाही. तपशील वेगवेगळ्या ठिकाणचे घ्या, मूळ प्रसंग ओळखू येणार नाही इतके मिसळा.

पहिला खर्डा झाला की तीन प्रकारच्या वाचकांकडून वाचून घ्या : एक मानसोपचारतज्ज्ञ, एक सध्याच्या शाळेतला शिक्षक, आणि दोन-तीन किशोरवयीन वाचक, त्यांच्या पालकांना विषय सांगून. मुलांना ‘आवडलं का?’ विचारू नका, ती हो म्हणतात. ‘कुठे कंटाळा आला?’ आणि ‘असं कोण बोलतं?’ हे विचारा. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात तुमचे निम्मे संवाद जातील.

लांबीची काळजी करू नका. मराठीत किशोर कादंबऱ्या बारीकच असतात, शंभर-सव्वाशे पानं पुष्कळ. आधी एखादं प्रकरण कथा म्हणून वेगळं काढून बघा. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. पाठवण्याआधी पाच-दहा अंक चाळा, भाषा कुठल्या वयाची लागते ते समजेल. ‘साधना’चे बालकुमार आणि युवा दिवाळी अंक आहेत. दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच होते, तेव्हा नवरात्रात पाठवून उपयोग नाही. प्रकाशकाला पत्र लिहिताना ‘समाजाला संदेश देणारी’ हे शब्द टाळा. मुलगी कोण, वर्ग कुठला, काय बिनसतं, तीन ओळींत लिहा.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक छापायला प्रकाशकाला सांगा. मनाच्या त्रासाबद्दल फोनवर बोलण्यासाठीची केंद्र सरकारची ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, आणि मराठीतही बोलता येतं. पान छापायला जाण्याआधी तो क्रमांक स्वतः लावून बघा, उचलल्यावर पलीकडून पहिलं काय विचारतात ते ऐका, आणि क्रमांकाखाली एका ओळीत तेही लिहा. फोन हातात घेऊन बसलेल्या मुलाला पुढे काय होणार हे आधी माहीत असलं तर बटण दाबणं थोडं सोपं जातं.